बिनमिठाचं साल

आजीच्या हिशेबात एक साल बिनमिठाचं होतं. कोणतं म्हणून विचारलं, तर म्हणायची, “रझाकाराचं.” म्हणजे १९४८, निजामाच्या बाजूच्या रझाकार टोळ्यांच्या धुमाकुळाचं.

तीर्थपुरी तेव्हा निजामाच्या हैदराबाद राज्यात. दीड कोटीहून जास्त वस्तीच्या त्या राज्याला समुद्र कुठूनच नाही. मीठ, रॉकेल, पेट्रोल, औषधं, जे बाहेरून यायचं ते चहूबाजूंच्या हिंदुस्थानातूनच. निजामाला हे कळत नव्हतं असं नाही. पोर्तुगिजांकडून मुरगाव बंदर मिळवायची खटपट त्याने करून पाहिली होती. २९ नोव्हेंबर १९४७ला दिल्लीशी ‘जैसे थे’ करार झाला आणि शाई वाळायच्या आत कुरबुरी सुरू झाल्या. हैदराबादने हिंदुस्थानी चलन बाद ठरवलं, सोनं-चांदी हिंदुस्थानात न्यायला बंदी केली, पाकिस्तानला वीस कोटींचं कर्ज देऊ केलं. मग दिल्लीने हात आवळला. नाकेबंदी म्हणायला सरकार तयार नव्हतं. माल तेवढा पोचत नव्हता, इतकंच!

आजोबा विशीतले. जालन्यापलीकडचं देऊळगाव राजा वऱ्हाडात, म्हणजे हिंदुस्थानात. मीठ तिथून यायचं, कडब्याच्या गाडीत पेंढ्यांच्या पोटात पोतं दडवून. पूर्वी धास्ती असायची ती निजामाच्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यांची. त्यांतली बरीच नाकी निजामाविरुद्ध लढणाऱ्या स्टेट काँग्रेसच्या पोरांनी जाळली होती आणि आजोबा रात्री-बेरात्री त्याच पोरांना भाकरी पोचवत. आता पलीकडे हिंदुस्थानच्या पोलिसांचा पहारा. ज्या सरकारची वाट पाहायची त्याच्याच शिपायाला हुलकावणी देऊन मीठ आणायचं, यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं. “शिपाई शिपाईच असतो,” एवढंच म्हणत.

आजी नवी सून. मिठाचं गाडगं उतरंडीत सगळ्यांत खाली, सासूच्या नजरेखाली. भाकरीच्या पिठात मीठ नाही, भाजीत नाही, फक्त ठेच्यात. अळणी भाजीचा घास ठेच्याला टेकवायचा आणि गिळायचा. पुरुषांची पंगत उठली की ठेच्याची वाटी पुसून निघालेली असायची, मग बायकांनी नुसतीच मिरची चावायची. रॉकेल नाही म्हणून करडीच्या तेलाची पणती, तीही जेवणं उरकेपर्यंत.

आणि त्याच दिवसांत सिडनी कॉटन नावाचा एक ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्री विमानं भरभरून हत्यारं बीदरला, वरंगळला उतरवत होता. पैसा निजामाचा. आकाशाला नाका नव्हता.

या कोंडीवरून घरात म्हातारपणीही भांडण व्हायचं. आजोबा म्हणायचे, वल्लभभाईंनी रसद अडवली म्हणून निजाम वाकला. आजी फटकन म्हणायची, “निजामाच्या ताटात मीठ कमी पडलं व्हतं का?”

मला आजीचं बरंचसं पटतं. इराकचंच पाहा. १९९०च्या ऑगस्टमध्ये सुरक्षा परिषदेने त्याच्यावर निर्बंध लादले. औषधापाण्यावाचून लोकांचे इतके हाल झाले की १९९६ पासून तेलाच्या बदल्यात अन्न द्यायची योजना सुरू करावी लागली. सद्दाम मात्र २००३ पर्यंत गादीवर होता, आणि उतरवला तोही फौजेनेच. हैदराबादचं तसंच. आजोबांचंही अगदीच खोटं नव्हतं. हत्यारांची आणि पेट्रोलची तंगी निजामाच्या फौजेला भोवलीच. पण रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी याची भाषणं मिठावाचून कधी अडली नाहीत. उलट, सगळ्या टंचाईचं खापर दिल्लीवर फोडायची आयती सोय झाली.

२१ ऑगस्टला हैदराबादने सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली. त्यात ही कोंडीही होती. परिषद पॅरिसमध्ये ती ऐकायला बसली १६ सप्टेंबरला. तोवर १३ तारखेलाच फौजा आत शिरल्या होत्या, १५ला औरंगाबाद पडलं होतं. १७ला निजामाने शरणागती पत्करली. तक्रार ऐकणाऱ्यांच्या हातात ऐकण्यापलीकडे काही उरलं नाही.

मीठ पुन्हा पोत्यांनी येऊ लागलं. आजोबांची गोष्ट इथे संपायची, झेंड्यापाशी. आजीची जरा पुढे जायची. शेजारी पिंजाऱ्याचं घर होतं. सासूच्या नकळत तिथल्या चाचीने आजीला एकदा ओंजळभर खडेमीठ दिलं होतं. ते रझाकारांच्या साठ्यातलं असणार, असा आजोबांचा संशय. आजी म्हणायची, “म्या इचारलं न्हाई.” फौजांच्या या ‘पोलीस ॲक्शन’नंतर मराठवाड्यात ठिकठिकाणी मुसलमानांच्या कत्तली झाल्या, घरंदारं लुटली गेली. नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. तिचा अहवाल कित्येक दशकं सरकारी कपाटाबाहेर आला नाही. चाचीचं बिऱ्हाड दिवाळीच्या आत परभणीकडे गेलं. कुणी घालवलं म्हणून विचारलं, की आजी माझ्यावरच खेकसायची, “तुला काय करायचंय रं त्याचं?”