तोफखान्याचे डावपेच व राष्ट्रीय रणनीती
तोफखान्याचे डावपेच व राष्ट्रीय रणनीती : राष्ट्राने निश्चित केलेली युद्धोद्दिष्टे, संभाव्य शत्रू आणि युद्धावर घातलेल्या राजकीय मर्यादा यांनुसार रणांगणावरील तोफमाऱ्याची पद्धत बदलते. भारतात तोफखान्याचे शिक्षण देणारी प्रमुख संस्था नाशिक रोडजवळील देवळाली येथे आहे. हे तोफखाना विद्यालय १९४१ मध्ये काकूल (सध्या पाकिस्तानात) येथून देवळालीस हलविण्यात आले.

स्वातंत्र्यानंतर भारताची संरक्षणसिद्धता मुख्यतः पाकिस्तानच्या सीमेकडे रोखलेली होती. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर दोन्ही सीमांचा विचार अपरिहार्य ठरला. पर्वतीय डिव्हिजन उभारण्यात आल्या व त्यांच्यासाठी सुटे भाग करून वाहून नेता येणाऱ्या हलक्या तोफा स्वीकारण्यात आल्या. १९७१ मध्ये परकीय हस्तक्षेपापूर्वी पूर्व पाकिस्तानातील युद्ध संपविणे आवश्यक होते. त्यामुळे शत्रूची बळकट ठाणी टाळून डाक्क्याकडे वेगाने सरकण्याचे डावपेच वापरण्यात आले.

राजकीय मर्यादेचा परिणाम कारगिल युद्धात (१९९९) विशेष स्पष्ट झाला. नियंत्रणरेषा ओलांडावयाची नाही, असा शासनाचा निर्णय होता. साहजिकच शत्रूच्या पिछाडीवर जाऊन त्याची रसद तोडणे शक्य नव्हते. पायदळास उभ्या कड्यांवरून चढाई करावी लागली. तिला साहाय्य म्हणून अनेक तोफांचा मारा एकाच शिखरावर केंद्रित करण्यात आला. १५५ मिमी. बोफोर्स तोफांनी शत्रूच्या मोर्चांवर थेट नेम धरूनही मारा केला. तोफगोळे, बाँब व रॉकेट मिळून सु. २·५ लाख अस्त्रे वापरली गेली. तरीही पाचशेहून अधिक भारतीय सैनिक धारातीर्थी पडले.

संसदेवरील हल्ल्यानंतरच्या (डिसेंबर २००१) सैन्यजमावास बराच काळ लागला. त्यावरून मर्यादित परंतु त्वरित चढाईची कल्पना पुढे आली. अशा चढाईत रणगाड्यांबरोबर धावणाऱ्या स्वयंचलित तोफा लागतात. तथापि बोफोर्सचा करार १९८६ मध्ये झाल्यावर सु. तीन दशके नव्या भारी तोफांची आयात रखडली. अखेर ९ नोव्हेंबर २०१८ रोजी देवळाली येथे के-९ वज्र व एम-७७७ या तोफा सेनेत दाखल झाल्या. पहिली मुख्यतः मैदानी व वाळवंटी प्रदेशासाठी, तर दुसरी हेलिकॉप्टरने पर्वतांवर नेण्याजोगी आहे. लडाखमधील २०२० च्या संघर्षानंतर मात्र वज्र तोफाही तेथे तैनात झाल्या. रणनीती एका निर्णयाने बदलते. तीस अनुरूप शस्त्रे व प्रशिक्षित सैनिक सिद्ध होण्यास मात्र वर्षे लागतात.