शिंगाची कमान, काचेचं धनुष्य

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मोर्शीहून सालबर्डीकडे निघालं की संत्र्याचे बगीचे हळूहळू मागे पडतात आणि सातपुडा समोर येऊन उभा राहतो. याच डोंगररांगेत, पलीकडे बैतुल जिल्ह्यातल्या धारूळ गावाजवळ, २००७ च्या जानेवारीत अमरावतीचे डॉ. विजय इंगोले आणि त्यांच्या सोबत्यांना प्राचीन चित्रं असलेल्या गुहा सापडल्या. मध्य भारतात अशी चित्रं अनेक ठिकाणी आहेत. भीमबेटक्याच्या खडकांवर तर धनुष्य घेतलेली माणसं स्पष्ट ओळखू येतात. तिथपासून मेळघाटातल्या बांबूच्या कमठ्यापर्यंत या हत्याराची परंपरा येते.

बांबूचा कमठा करायला सोपा. मोडला तर दुसरा करता येतो. पण तो लांब ठेवावा लागतो. धनुष्य ओढलं की निशाणाकडची बाजू ताणली जाते आणि आपल्याकडची दबते. लांबी कमी करून तेवढंच ओढलं तर बाहेरचे तंतू तुटतात, नाहीतर आतले चुरडतात. शिवाय आखूड धनुष्यात ओढीच्या शेवटी दोरी आणि टोक यांच्यातला कोन इतका उघडतो की शेवटचे दोन-तीन इंच एकदम जड होतात. लांब धनुष्य मात्र घोड्यावर आणि झुडपात आडवं येतं. आखूड असूनही जोरकस धनुष्य कसं करायचं, या एका प्रश्नावर कारागिरांनी शेकडो वर्षं डोकं चालवलं.

जुनं उत्तर आपल्या देवाच्या नावातच आहे. मेहकरचा शारंगधर बालाजी वऱ्हाडात कुणाला ठाऊक नाही? विष्णूच्या धनुष्याचं नाव शार्ङ्ग, आणि शार्ङ्ग म्हणजे शृंगाचं, शिंगाचं. मधे लाकडाची पातळ पट्टी, आतल्या बाजूला म्हशीच्या शिंगाची चीप आणि बाहेरच्या बाजूला कंडरा, म्हणजे जनावराच्या पायातल्या चिवट शिरेचे तंतू, सगळं सरसाने चिकटवलेलं. शिंग दाब सोसतं, शीर ताण सोसते. लाकडाचं काम दोघांना अंतरावर धरून ठेवण्याचं. तुर्कांनी ही विद्या कळसाला नेली. १७९८ मध्ये सुलतान सलीम तिसरा याने मारलेला बाण सुमारे ८८९ मीटर गेल्याची नोंद आहे.

आपल्याकडे याला कमान म्हणत आणि करणाऱ्याला कमानगर. आज कमान म्हटलं की आपल्याला वेशीवरची आठवते, नाहीतर घड्याळातली. शब्द राहिला, वस्तू गेली. ती जाण्याला बंदूक कारण झाली हे खरंच, पण आपला पावसाळाही तिच्यावर उठलेला होता. श्रावणातल्या ओलीत सरस मऊ पडतो आणि महिनोन् महिने खपून केलेली कमान पिळवटून जाते. म्हणून तर हिंदुस्थानात पोलादी धनुष्यं घडवली गेली. बाण फेकण्यात ती कमी पडत, पण शस्त्रागारात वर्षानुवर्षं टिकत. कच्छमधले कमानगर पुढे चित्रकार झाले. भिंतींवरची त्यांची कमानगरी चित्रं प्रसिद्ध आहेत.

शिंग आणि शीर या दोघांची जागा एकट्या काचेने घेतली, ती विसाव्या शतकाच्या मध्यावर. अमेरिकेत क्लॅरेन्स हिकमन या शास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात धनुष्याचं गणित मांडलं. चपट्या, आयताकृती छेदाच्या भुजा गोलसर भुजांपेक्षा सरस ठरतात हे दिसून आलं. मग फायबरग्लास हाती आलं आणि १९५० च्या सुमारास फ्रेड बेअर यांच्या कारखान्यातून काचेचा थर दिलेली धनुष्यं मोठ्या संख्येने निघू लागली. एकाच दिशेने बसवलेले काचतंतू ताणही सोसतात आणि दाबही. पावसाचं तर त्यांना काहीच वाटत नाही.

हे आज सांगण्याचं कारण वेगळं आहे. साताऱ्यातल्या सरडे गावच्या मजूर कुटुंबातला प्रवीण जाधव अमरावतीच्या क्रीडा प्रबोधिनीत तिरंदाजी शिकला. २०१९ च्या जागतिक स्पर्धेत रौप्य मिळवणाऱ्या भारतीय संघात तो होता आणि २०२१ मध्ये तो टोकियोच्या ऑलिम्पिकमध्ये उतरला. तिरंदाजीत आपल्याकडे बांबूच्या धनुष्याचा 'इंडियन राउंड' असतो. तो ओलांडला की परदेशी धनुष्य लागतं, आणि त्याच्या सगळ्या सरंजामाची किंमत लाखांच्या घरात जाते. किती मुलं त्या पायरीवरच थांबत असतील! मधली एक पायरी, सरावापुरतं का होईना, इथल्या इथे करता येईल असं मला वाटतं. चांगला सुतार हवा, बस्स.

आधी जाड फळीचा साचा कापायचा. मुठीपाशी भुजा तिरंदाजाकडे किंचित झुकतात आणि पुढे टोकांकडे निशाणाच्या बाजूला वळतात. मुठीजवळच्या झुकावामुळे भुजांवरचा भार हलका होतो आणि हात जरा हलला तरी धनुष्य माफ करतं. टोकांच्या वळणामुळे सुरुवातीपासून जोर साठतो आणि दोरीचा तो कोन उशिरा उघडतो. म्हणून पाच फुटांहून कमी लांबीतही ओढ शेवटपर्यंत सरळ लागते. साच्यावर साधारण एक मिलिमीटरची काचपट्टी, त्यावर टोकाकडे निमुळत्या होत गेलेल्या बांबूच्या किंवा लाकडाच्या पातळ पट्ट्या आणि मुठीचा ठोकळा, वर पुन्हा काचपट्टी. प्रत्येक थरात इपॉक्सी. ट्रकखालचे पाटे आठवा, फक्त हे एकमेकांना कायमचे चिकटलेले. मग शिकंजे आवळून सगळं ऊबदार पेटीत काही तास ठेवायचं.

पट्ट्या तासताना मात्र हात आवरावा. जाडी दहा टक्क्यांनी वाढली तर ताठरपणा दहा नव्हे, तेहतीस टक्क्यांनी वाढतो. कानशीने कडा घासताना नाकातोंडाला घट्ट मास्क हवाच. काचेची धूळ फुप्फुसात जाणं वाईट. आणि तयार धनुष्य पहिल्या दिवशीच पूर्ण ओढायचं नाही. भिंतीवरच्या खुंटीला मूठ अडकवून, कप्पीवरून दोरी थोडी थोडी खेचत, दोन्ही भुजा सारख्या वाकतात का ते लांब उभं राहून बघायचं. जी भुजा कमी वाकते, तिच्या कडेवर पुन्हा कानस फिरवायची.