ब्राऊजरमध्येच चालणारी ‘लिस्प’
‘लिस्प’ ही आजही वापरात असलेल्या सर्वांत जुन्या संगणकभाषांपैकी एक. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जॉन मॅकार्थी यांनी १९५८मध्ये तिची आखणी केली. तिच्यातील प्रत्येक आज्ञा ही कंसातील यादी असते. (+ २ (* ३ ४)) असे लिहिल्यास ‘इंटरप्रिटर’ प्रथम आतील कंस सोडवून १२ काढतो आणि त्यात २ मिळवून १४ हे उत्तर देतो.

नेटस्केप कंपनीने १९९५मध्ये ब्रेंडन आइक यांना पाचारण केले, ते लिस्पचीच शाखा असलेली ‘स्कीम’ ब्राऊजरमध्ये आणण्यासाठी. प्रत्यक्षात त्यांच्या हातून जन्मली जावास्क्रिप्ट. आता त्याच जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेले ‘बिवास्कीम’सारखे मोफत इंटरप्रिटर उपलब्ध आहेत.

असा इंटरप्रिटर वेबपानासोबत उतरतो आणि वापरणाऱ्याच्याच संगणकावर चालतो. उत्तरासाठी दूरच्या सर्व्हरकडे जावे लागत नाही. त्यामुळे परभणी, जिंतूर वा गंगाखेड येथील विद्यार्थ्याला, सामायिक संगणकावर नवे सॉफ्टवेअर बसविण्याची मुभा नसली, तरी ही भाषा शिकता येते. मात्र पान बंद होताच लिहिलेला प्रोग्रॅम सहसा पुसला जातो. तो आधी वेगळ्या फाइलमध्ये जतन करावा.