पिकाचा शेजार: मिश्रपीक आणि किडी

कपाशीत तुरीच्या ओळी कशासाठी, असं विदर्भातल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारा. "एक बुडालं तर दुसरं हाती लागतं," असं तो सांगेल. किडींचं नाव तो घेईलच असं नाही.

1889 साली जॉन ऑगस्टस व्होल्कर हे कृषिरसायनतज्ज्ञ भारतीय शेती 'सुधारण्याचे' उपाय शोधायला इंग्लंडहून आले. फेरपालट, मिश्रपीक यांची इथल्या शेतकऱ्याला किती जाण आहे, याचं आश्चर्य त्यांच्या 1893च्या अहवालात आहे. पण मिश्रपिकाने किडीचं काय होतं, हा प्रश्न नीट मांडला गेला तो बराच नंतर.

1973 साली अमेरिकेतल्या रिचर्ड रूट यांनी आपला प्रयोग प्रसिद्ध केला. कोबीच्या कुळातली एक पालेभाजी त्यांनी काही ठिकाणी सलग लावली, काही ठिकाणी रानगवताच्या मध्ये एकेक ओळ. उडद्या भुंगेरे सलग पिकात कितीतरी जास्त! आता कारणं दोन संभवतात. एक, मिश्र रानात मित्रकीटकांना भक्ष्य, मकरंद आणि आसरा मिळतो, ते किडीला आवरतात. दुसरं, अन्न एकाच जागी भरपूर असलं की कीड ते सहज शोधते आणि तिथेच मुक्काम ठोकते. रूट यांच्या शेतात दुसरं कारण वरचढ ठरलं.

1991 साली डेव्हिड अँडो यांनी तोवरचे प्रयोग एकत्र तपासले. वनस्पतींवर जगणाऱ्या 287 कीटकजातींपैकी 52 टक्के मिश्रपिकात कमी आढळल्या. मित्रकीटकांच्या निम्म्याहून अधिक जाती वाढल्या. पण किडींच्या 15 टक्के जाती चक्क वाढल्याही!

हे 15 टक्के विसरू नका. घाटे अळी तुरीच्या शेंगाही खाते आणि कपाशीची बोंडंही. म्हणजे तिच्यासाठी दोन्ही ताटं वाढलेलीच. तिथे तुरीचा आधार पैशाला आहे, अळीच्या बंदोबस्ताला तो धरून चालू नये. उलट कपाशीत चवळी घेतली, तर चवळीवरच्या माव्यावर ढालकिडे पोसले जातात आणि पुढे कपाशीवरचा मावाही खातात. पण त्याच चवळीवर विषारी फवारा मारला, तर मावा मरतो आणि ढालकिडेही.

तेव्हा दोन पिकं शेजारी पेरण्याआधी इतकंच विचारा: या शेजारात जेवायला कोण येणार?