रेडिओचा कान

परवा भिंतीवरच्या घड्याळाचा सेल संपला. नवा घातला आणि सवयीप्रमाणे सौ.ला हाक मारली, "अगं, रेडिओ लाव जरा, घड्याळ मिळवून घेतो." रेडिओ म्हणजे आता तिचा फोन. त्यात आकाशवाणीचं अ‍ॅप आहे, मुंबई म्हणा, नागपूर म्हणा, सगळं लागतं. बातम्यांआधीचे ठोके पडले, मी काटा सरकवला आणि समाधानानं खाली उतरलो. सुट्टीत पुण्याहून आलेला नातू बसल्या जागेवरून म्हणाला, "आबाजी, तुमचं घड्याळ अर्धा मिनिट मागे आहे."

मी म्हटलं, "अरे, आत्ताच रेडिओवर लावलंय." तो हसला. "फोनवरचा लाइव्ह रेडिओ लाइव्ह नसतो, आबाजी."

मला पटेना. माळ्यावरून जुना ट्रान्झिस्टर काढला, फडक्यानं पुसला, सेल घातले. पुढच्या बातम्यांना दोन्ही शेजारी ठेवले. पेटीतला रेडिओ बोलला, आणि आम्ही एकमेकांची तोंडं बघून झाल्यावर फोन तेच बोलला. जवळजवळ अर्ध्या मिनिटानं!

नातवानं समजावलं ते असं. आवाज आधी आकड्यांत बदलतो, त्याचे काही काही सेकंदांचे तुकडे पडतात, ते दूर कुठल्याशा सर्व्हरवर जाऊन बसतात. तिथून फोन ते मागवतो. वाजता वाजता मधेच तुटू नये म्हणून दोन-चार तुकडे आधीच साठवून ठेवतो, आणि मग कुठे बोलायला लागतो. जुन्या रेडिओला ही भानगड नाही. नागपूर आमच्यापासून दीडशे किलोमीटरवर. तिथून निघालेली लहर इथे पोचायला सेकंदाचा दोनहजारावा भाग लागतो. (हे गणित मीच केलं. बी.ए. मराठीचा असलो तरी सातवीला गणित शिकवलं आहे!)

तर मंडळी, तेव्हापासून रेडिओ डोक्यात बसला आहे.

माझं गाव दारव्हा तालुक्यातलं. १९६०च्या आगेमागे आमच्या ग्रामपंचायतीत रेडिओ आला. सरकारी योजनेतला, बॅटरीवर चालणारा, लाकडी खोक्याचा. गावात वीज नव्हती. दोन बांबूंवर तांब्याच्या जाळीचा एरियल, आणि कुलपाची किल्ली शिपायाकडे. सांजेला पारावर माणसं जमायची. नागपूर केंद्रावरून शेतीचा कार्यक्रम, बाजारभाव, बातम्या. आमच्या भागात कापसाच्या भावासाठी कान टवकारून बसणारी माणसं होती, गाण्यासाठी कमी.

हे नागपूर केंद्र जुलै १९४८ मध्ये सुरू झालं, नागपूर मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी होती तेव्हा. आमचं यवतमाळ १९५६ पर्यंत मध्यप्रदेशात, मग मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात. राज्यं तीन बदलली, रेडिओ नागपूरचाच राहिला. त्याच काळात, १९५६ साली, पुण्याकडे एक मोठा प्रयोग झाला होता. युनेस्कोच्या मदतीनं पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रवणमंडळं काढली. कार्यक्रम ऐकायचा, त्यावर गटानं चर्चा करायची आणि आपले प्रश्न केंद्राला कळवायचे. पुढे १९५९ पासून ही कल्पना देशभर नेली. म्हणजे सरकारनं पहिल्यापासून रेडिओकडे बघितलं ते दहा जणांनी मिळून ऐकायची वस्तू म्हणून. एकट्यानं रेडिओ ऐकणं ही त्या काळी श्रीमंती होती.

या पारावरच्या रेडिओबद्दल मी पूर्वी इथेच फार गहिवरून लिहिलं होतं. "सगळा गाव एक व्हायचा" वगैरे. नंतर एका वर्गमित्राची भेट झाली. तो बौद्धपुऱ्यातला. म्हणाला, "तुला रेडिओ दिसत होता बाप्पा. मले फक्त आयकू येत होता." खरंच होतं ते. त्यांची माणसं पाराच्या खाली, रस्त्यापलीकडे उभी असायची. पाटी लावलेली नव्हती, पण बसायला कोणी बोलावतही नव्हतं. १९७०च्या सुमारास ट्रान्झिस्टर आवाक्यात आले तेव्हा त्याच्या भावानं कापूस विकून पहिली खरेदी केली ती ट्रान्झिस्टरचीच.

आणि बाया? पारावर एकही बाई बसलेली मला आठवत नाही. आमचं घर पाराला लागून. माझी आई मागच्या भिंतीशी जात्यापाशी बसून ऐकायची. कार्यक्रम कोणता लागणार ते शिपाई ठरवायचा, शिपायाला सरपंच सांगायचे. रेडिओचा कान पिळायचा हक्क त्या दोघांचा.

तसं पाहिलं तर सगळ्या देशाच्याच रेडिओचा कान कोणाच्या तरी हातात होता. १९५२ ते १९६२ बाळकृष्ण केसकर हे नभोवाणी मंत्री होते. आपलेच, पुण्याचे. शास्त्रीय संगीतासाठी त्यांनी पुष्कळ केलं ते मान्य, पण सिनेमाच्या गाण्यांचं त्यांना वावडं होतं आणि आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपार झाली. झालं काय, तर लोकांनी कान दुसरीकडे पिळला. रेडिओ सिलोन! डिसेंबर १९५२ मध्ये तिथे बिनाका गीतमाला सुरू झाली आणि दर बुधवारी रात्री आठला अमीन सयानी घराघरात शिरले. शेवटी आकाशवाणीलाही शहाणपण सुचलं, ३ ऑक्टोबर १९५७ ला विविधभारती निघाली. मास्तरकीतला माझा अनुभव सांगतो, वर्गात ज्या गोष्टीला बंदी घालावी ती पोरं शेजारच्या वर्गात जाऊन करतात.

आता घरची गोष्ट. लिहू की नको, असा दोन दिवस विचार केला. सौ. म्हणाली, लिहा खुशाल.

आमचं लग्न १९७५ चं. पुढच्या वर्षी मी ट्रान्झिस्टर घेतला. पोस्टातून लायसनचं पुस्तकही काढलं, कारण तेव्हा रेडिओला लायसन लागे आणि मास्तरनं बिनपरवाना रेडिओ वाजवणं बरं दिसलं नसतं. सेल महाग. म्हणून आमच्या घरी नियम होता, रेडिओ बातम्यांना लावायचा, सकाळी आणि संध्याकाळी. शाळेचं घड्याळही माझ्या मनगटावरच्या घड्याळावर लागे, आणि ते लागे रेडिओच्या ठोक्यांवर, त्यामुळे हा नियम मला फार राष्ट्रीय महत्त्वाचा वाटे. रात्री मी वह्या तपासत बसे. तेव्हा गाणी नकोत. सेल उतरतात, आणि लक्षही उडतं.

सौ. पुसदची. माहेरी भावांबरोबर गीतमाला ऐकत वाढलेली. तिनं एकदा दोनदा विचारलं असेल. मी "सेल" म्हटलं, विषय संपला. पुन्हा तिनं कधी विचारलं नाही.

२० फेब्रुवारी २०२४ ला अमीन सयानी गेले. बातमी ऐकून ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "तुम्हांला विरजणाचं माहीत आहे का?"

मला काहीच कळलं नाही. मग तिनं सांगितलं. आमच्या भाड्याच्या घराशेजारी एक कुटुंब राहत असे, त्यांच्याकडे मोठा रेडिओ होता. ही दर बुधवारी आठच्या सुमारास वाटी घेऊन विरजण मागायला जायची. तिकडच्या वहिनींना सगळं ठाऊक होतं. स्वयंपाकघराच्या दारात दोघी उभ्या राहायच्या. वरची तीन-चार गाणी तरी ऐकून ही परत यायची, हातात वाटी. आणि मी वह्यांतून मान वर न करता म्हणायचो, "बुधवारीच कसं संपतं गं तुझं विरजण?"

कित्येक वर्षं. मी हसलो, तीही हसली. पण मला ते हसू काही पुरलं नाही. सयानी कार्यक्रमाच्या सुरुवातीला आधी बहिणींना हाक मारत आणि मग भावांना, हे तिनं त्याच दिवशी मला सांगितलं. मी कधी लक्षच दिलं नव्हतं. मी ऐकलाच कुठे होता तो कार्यक्रम?

असो.

रेडिओला जे वजन होतं ते मात्र खोटं नव्हे. ३१ ऑक्टोबर १९८४ ला मी शाळेत होतो. इंदिराजींवर गोळ्या झाडल्याचं कळलं होतं. आमच्यातल्या एकानं शॉर्टवेव्हवर बीबीसी लावलं आणि त्या गेल्या असल्याचं दुपारीच ऐकलं. सगळे हेडमास्तरांकडे गेले. ते म्हणाले, "आकाशवाणीनं सांगितल्याशिवाय मी शाळा सोडणार नाही." आकाशवाणीनं सांगितलं संध्याकाळी. तोवर शिपायापासून हेडमास्तरांपर्यंत आम्ही सगळे एका छोट्या खोक्याभोवती उभे होतो, आणि जे ठाऊक होतं ते ठाऊक नसल्यासारखे वागत होतो. जे बीबीसी हिंदी आम्ही ऐकलं, त्याचं रेडिओ प्रसारण जानेवारी २०२० अखेर बंद झालं. नागपूरजवळचा हजार किलोवॅटचा मोठा ट्रान्समीटर, ज्यावरून १९८८ पासून रात्रभर राष्ट्रीय वाहिनी चालत असे, ती वाहिनीही २०१९च्या सुरुवातीला मिटली. ज्यांना रात्री झोप येत नाही अशा माझ्या वयाच्या लोकांना तिची उणीव भासते. मला तरी भासते.

मग फोन आले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा पाण्यासारखा झाला, त्याआधी इंटरनेटवर गाणी ऐकणं ही आमच्याकडे फक्त पोरांची चैन होती. मधल्या काळात मुलीनं कारवाँ आणून दिला. दिसायला जुना रेडिओ, पोटात पाच हजार गाणी, नेट लागत नाही. आमच्या पिढीला तो फार आवडला. मला वाटतं त्याला फिरवायला बटन आहे म्हणूनच!

लॉकडाऊनमध्ये मुलीनं सौ.ला स्वतःचा स्मार्टफोन घेऊन दिला. आणि ही बाई बदलली. पोळ्या करताना कानात यंत्र. भाजी निवडताना कानात यंत्र. काय ऐकतेस विचारलं तर आज कादंबरी, उद्या कीर्तन, परवा कोणाची तरी मुलाखत. स्टोरीटेलवर २०१७ पासून मराठी पुस्तकं ऐकायला मिळतात, हे मला तिच्याकडून कळलं. घरात जन्मभर पुस्तकं मी आणली. ती माझ्यापेक्षा जास्त पुस्तकं आता "वाचते". वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी तिच्या हातात रेडिओचा कान आला. आणि तो मी दिला नाही, हेही लिहून ठेवतो.

म्हणून "पूर्वीचं ते रेडिओचं ऐकणं राहिलं नाही" असं कोणी म्हटलं की मी आता पटकन मान डोलावत नाही. कोणाचं राहिलं नाही? पारावर बसणाऱ्यांचं की पाराखाली उभं राहणाऱ्यांचं?

पण तक्रारी आहेतच. एक तर घरात आम्ही दोघं, आणि ती काय ऐकते आहे ते मला ठाऊक नसतं. एकटीच खुदकन हसते. पूर्वी रेडिओवर विनोद झाला की तो ओसरीभर होई. दुसरं, निवेदक गाण्याआधी कवी, संगीतकार, गायक अशी नावं सांगत. माझं निम्मं गीतकारांचं ज्ञान त्या चार ओळींतून आलेलं आहे. फोन पाट्यांवर गायकाचं नाव दाखवतो, बाकीच्यांना शोधत बसा. तिसरी तक्रार सौ.चीच आहे. म्हणाली, "एक गाणं मी लावते, पुढची दहा तोच लावतो." म्हणजे आहेच कोणीतरी पुन्हा कान पिळायला बसलेला, आणि त्याला तर विरजणाचं निमित्तही सांगता येत नाही.

वावरातल्या माणसाचं तर वेगळंच. झरी-जामणीकडे माझा एक जुना विद्यार्थी शेती करतो. जंगलालगतच्या वावरात त्याला नेट मिळत नाही. पूर्वीच्या फोनला इअरफोन लावला की त्याची वायर एरियलचं काम करायची आणि फुकटात एफएम लागायचं. नव्या फोनमध्ये ती सोयच गेली. २०२३ साली केंद्र सरकारनं फोन कंपन्यांना एफएम चालू ठेवण्याची सूचना केली ती यासाठीच, पूर आला, नेट गेलं तर सांगायचं कसं? तो अजून झाडाला ट्रान्झिस्टर टांगतो. उलट माझा भाचा अमेरिकेत त्याच्या घरी फरशी पुसताना नागपूर केंद्र ऐकतो! इथे आमच्या शेजारी कोणी ऐकत नाही आणि तिथे हा ऐकतो. मला फोन करून विदर्भातला पाऊस सांगतो.

काल बुधवार होता. घड्याळ पुन्हा नीट लावून झालं होतं, जुन्या ट्रान्झिस्टरवर. रात्री आठला सौ. ओसरीवर बसली होती, कानात यंत्र नव्हतं. फोनवर विविधभारती लावलेली, मोठ्यानं. मी आतल्या खोलीत होतो. मला वाटलं आपणही ऐकावं, म्हणून माझ्या फोनवर तेच लावलं. तर काय, तिचं गाणं पुढे, माझं चार-पाच सेकंद मागे, सगळ्या घरात नुसता गोंधळ.

बाहेरून आवाज आला, "अहो, तुमचा बंद करा आणि इकडे येऊन बसा."

केला बंद.