नगरचा किल्ला आणि युद्धकैद्याचा कायदा

श्रोतेहो, शिर्डीहून नगर-मनमाड रस्त्याने दक्षिणेकडे निघाले, की राहाता, कोल्हार, राहुरी ही ओळखीची गावे मागे पडतात आणि आपण जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचतो. त्या शहराचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. पण आजची हकीकत जुन्या काळची, म्हणून बोलताना मी नगर असेच म्हणेन. तिथला भुईकोट किल्ला आपल्याला ठाऊक आहे तो चांदबिबीमुळे आणि पंडित नेहरूंमुळे. त्या किल्ल्याला आणि शेजारच्या लष्करी छावणीला आणखीही एक इतिहास आहे. १९०१ ते १९४५ या काळात तीन निरनिराळ्या प्रकारचे बंदिवान तिथे येऊन राहिले. पहारा तिघांवरही होता. पण कायद्याच्या नजरेत ते तिघे एक नव्हते. हा फरक कसला, आणि त्याने माणसाच्या जिवाला काय फरक पडतो, ते आज पाहू.

पूर्वी लढाईत पकडलेल्या माणसाला कायदा असा नव्हताच. जेत्याची मर्जी हाच कायदा. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत झाले. जनकोजी शिंदे आणि इब्राहिमखान गारदी जिवंत शत्रूच्या हाती लागले आणि नंतर दोघांनाही ठार मारण्यात आले. हजारो बायकामुलांना गुलाम करून नेले. कुणी थोरामोठा सापडला तर पैसे भरून सुटायचाही. पण साध्या शिपायाला सोडवायला पैसा कुठून येणार?

युरोपातही फार निराळे नव्हते. पुढे १८९९ साली हेग शहरी अनेक राष्ट्रांची परिषद भरली आणि युद्धाचे नियम लेखी झाले. त्यातले एक तत्त्व फार मोलाचे आहे. युद्धकैदी हा त्याला पकडणाऱ्या शिपायाच्या किंवा सेनापतीच्या ताब्यात नसतो. तो शत्रूच्या सरकारच्या ताब्यात असतो. त्याला माणुसकीने वागवायचे आणि पकडणाऱ्या सरकारने आपल्या शिपायांना जसे अन्न द्यावे तसेच त्याला द्यायचे. म्हणजे कैद ही शिक्षा नव्हे. शिपायाने गुन्हा केलेला नसतो; तो फक्त पुन्हा रणांगणावर जाऊ नये, एवढ्यासाठीच अडकवून ठेवायचा.

त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत इंग्रज आणि बोअर यांचे युद्ध पेटले. बोअर म्हणजे तिथे स्थायिक झालेले मूळचे डच शेतकरी. पकडलेले बोअर आफ्रिकेत ठेवणे इंग्रजांना धोक्याचे वाटले, म्हणून त्यांना सेंट हेलेना, बर्म्युडा, सिलोन आणि हिंदुस्थानात पाठवले. हिंदुस्थानात सुमारे ९,००० आले आणि त्यांतले काही नगरला राहिले. गंमत पाहा, बोअर प्रजासत्ताकांना हेगच्या परिषदेचे निमंत्रणसुद्धा नव्हते; तरी या माणसांना ‘युद्धकैदी’ हे नाव मिळाले आणि त्या नावाने त्यांना सांभाळले. त्यांच्या बायकामुलांना असे कोणतेच नाव नव्हते. ती मागे आफ्रिकेत इंग्रजांच्या छावण्यांत कोंडली गेली आणि तिथे उपासमार व रोगराई यांनी २६,००० च्या वर बायकामुले मेली. हाती बंदूक घेतलेला बाप वाचला. घरी बसलेले लेकरू गेले!

३१ मे १९०२ रोजी तह झाला. आता कैदी घरी जायला हवे होते. पण सुटकेला एक अट घातली गेली: इंग्लंडच्या राजाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्या. नगरच्या छावणीतल्या काही हट्टी बोअरांनी ती नाकारली. युद्ध संपले, पण त्यांची कैद संपेना. अखेर त्यांचाच सेनापती दे ला रे १९०३ साली हिंदुस्थानात आला आणि त्याने समजूत घातल्यावर ही माणसे परतली.

पुढे पहिले महायुद्ध आले. १९१४ पासून नगरला जर्मन लोकांची मोठी छावणी उभी राहिली. त्यांत आफ्रिकेतून आणलेले सैनिक होते. पण हिंदुस्थानात राहणारे व्यापारी आणि मिशनरीही होते. हा दुसरा प्रकार. हे सैनिक नव्हते. शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून अडकवलेले होते. त्यांच्यासाठी नीट असा कायदा तेव्हा नव्हता. बेळगावला कुटुंबांची छावणी होती. १९१७ साली रेड क्रॉसचे प्रतिनिधी हिंदुस्थानात आले, त्यांनी या छावण्या पाहिल्या आणि आपला अहवाल छापला.

याच सुमारास आपल्या माणसांचे काय चालले होते? मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूत या गावी पुणे डिव्हिजन वेढ्यात सापडली होती. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी या फौजेने तुर्कांपुढे शस्त्रे ठेवली. नोकरचाकर धरून सुमारे १३,००० माणसे कैद झाली. सेनापती टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या एका बेटावर आरामात राहिला. शिपायांना मात्र उन्हातान्हात वाळवंट तुडवीत नेले आणि पुष्कळांना रेल्वेच्या कामाला जुंपले. हजारो वाटेतच गेले. नाव तेच, ‘युद्धकैदी’. नियमही कागदावर होते. पण त्या वाटेवर पाहायला कुणी आले नाही. पाहणारा नसला, की कायदा कागदावरच राहतो. १९१८ साली शिर्डीस साईबाबांनी समाधी घेतली, त्यानंतर महिन्याभरातच हे महायुद्ध थांबले.

आता तिसरा बंदिवान. ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत पहाटे धरपकड झाली आणि काँग्रेस कार्यकारिणीचे बारा सभासद नगरच्या किल्ल्यात आले. मौलाना आझाद, नेहरू, सरदार पटेल, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव ही त्यांतली नावे. ते युद्धकैदी नव्हते आणि शिक्षा झालेले गुन्हेगारही नव्हते. ते ‘स्थानबद्ध’ होते. खटला नाही, शिक्षा नाही, मुदत नाही. त्यांना कुठे ठेवले आहे हेही सुरुवातीला लोकांना कळू दिले नाही. विचार करा, चोराला ठाऊक असते आपण अमुक वर्षांनी सुटू. युद्धकैद्याला ठाऊक असते, युद्ध संपले की सुटू. स्थानबद्धाला काहीच ठाऊक नसते. मौलानांची पत्नी कलकत्त्यास आजारी पडली. सरकारकडे विनंती करायची तर करा, असे अधिकाऱ्याने सुचवले. मौलानांनी ती केली नाही. एप्रिल १९४३ मध्ये ती वारली.

दुसऱ्या महायुद्धानंतर १९४९ साली जिनीव्हा येथे चार करार झाले. तिसरा युद्धकैद्यांचा आणि चौथा नागरिकांचा. कैद्याने नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि नंबर एवढेच सांगावे. त्याला मारहाण करू नये. घरी पत्र लिहू द्यावे. रेड क्रॉसला भेटू द्यावे. कुणी युद्धकैदी आहे की नाही, अशी शंका आली तर योग्य न्यायमंडळाने ठरवावे. तोवर त्याला युद्धकैदीच मानावे. आणि लढाई थांबली, की विलंब न लावता घरी पाठवावे. नगरच्या बोअरांच्या आणि जर्मनांच्या अडचणींची उत्तरे इथे सापडतात. भारताने हे करार १९५० साली मान्य केले आणि १९६० साली त्यांसाठी कायदाही केला.

तरी कायदा पाळणे सोपे नसते. डिसेंबर १९७१ च्या युद्धात सुमारे ९३,००० पाकिस्तानी सैनिक व नागरिक आपल्या ताब्यात आले. फौजा भारत आणि बांगलादेश या दोघांना शरण आल्या होत्या, त्यामुळे बांगलादेशाच्या संमतीवाचून सोडता येत नाही, असे आपले म्हणणे होते. ऑगस्ट १९७३ मध्ये दिल्लीस करार झाला आणि शेवटचे कैदी एप्रिल १९७४ मध्ये परतले. लढाई थांबून सव्वादोन वर्षे झाली होती. राजकारणाची गाठ सुटेपर्यंत शिपाई वाट पाहतो, हे बोअरांच्या वेळी दिसले तेच पुन्हा दिसले.

आणि स्थानबद्धाचे काय? जिनीव्हाचा तिसरा करार त्याच्यासाठी नाही. त्याचा आधार म्हणजे आपल्या घटनेचे २२ वे कलम. कारणे कळवली पाहिजेत आणि तीन महिन्यांपुढे ठेवायचे तर सल्लागार मंडळाचे मत घेतले पाहिजे, असे ते सांगते. पण विनाखटला स्थानबद्ध करण्याची सोयही त्याच कलमात आहे, आणि १९५० साली तसा कायदा संसदेत मांडला तो सरदार पटेलांनी. नगरच्या किल्ल्यात जवळजवळ तीन वर्षे काढलेल्या माणसाने! राज्य चालवणे आणि तुरुंग भोगणे, दोन्हीकडून कायदा निराळा दिसतो, एवढेच यावरून म्हणता येईल.

शिक्षकमित्रांना माझे एक सांगणे आहे. मुलांना नगरचा किल्ला दाखवाल तेव्हा नेहरूंची खोली जरूर दाखवा. पण तिथे त्यांना एक प्रश्नही विचारा: इथे ठेवलेल्या माणसाला सरकारने कोणते नाव दिले होते, आणि ते नाव ठरवले कुणी? ज्याला पकडले त्याचे नाव पकडणाराच ठरवीत असतो, आणि त्या नावावर त्याची भाकरी, पत्र आणि सुटका अवलंबून असते. म्हणून ते नाव कोणत्या नियमाने दिले, हे पाहणारा कुणीतरी तिसरा लागतो. कधी तो रेड क्रॉसचा प्रतिनिधी असतो, कधी न्यायाधीश असतो, आणि कधी वर्तमानपत्र वाचणारा तुमच्याआमच्यासारखा नागरिक.