बुरशीच्या पेशीतील प्रथिनवहन : प्रस्तावना

बुरशी अन्न गिळत नाही. ती आपली विकरे पेशीबाहेर सोडते, बाहेरच लाकूड, पान किंवा धान्य पचवते आणि सुटे झालेले साधे रेणू शोषून घेते. तिच्या तंतूचे टोक पुढे सरकते तेही पेशीभित्तिका रचणारी विकरे पुटिकांमधून, म्हणजे पेशीतल्या इवल्या पिशव्यांमधून, तिथे सतत पोचत राहतात म्हणून. अन्न आणि वाढ दोन्ही प्रथिने योग्य जागी पोचण्यावर अवलंबून आहेत. त्यामुळे बुरशीचा इतिहास जाणून घ्यायचा तर तिच्या पेशीतील प्रथिनवहन कसे घडत आणि बदलत गेले, हे पाहावे लागते.

पायाभूत काम बेकरीच्या यीस्टवर झाले. १९७९-८० मध्ये बर्कलेला रँडी शेकमन आणि पीटर नोविक यांनी असे उत्परिवर्ती यीस्ट शोधले, ज्यांच्यात प्रथिनांची बाहेर पडण्याची वाट वेगवेगळ्या टप्प्यांवर अडते. त्यातून २३ जनुके हाती लागली. शेकमन यांना २०१३ मध्ये नोबेल मिळाले. यंत्रणेचे टप्पे असे उलगडले. ती यंत्रणा बदलते कशी, याचे माझ्या मते सर्वांत सुंदर उदाहरण मात्र केंब्रिजने दिले.

तेथील वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (एमआरसी) रेण्वीय जीवशास्त्र प्रयोगशाळेत शॉन मन्रो आणि ह्यू पेल्हम यांनी १९८७ मध्ये दाखवले, की या वाटेच्या पहिल्या टप्प्यात, आंतर्द्रव्यजालिकेत, राहून काम करणाऱ्या प्रथिनांच्या शेवटी चार अमिनो आम्लांची खूण असते. असे प्रथिन पुढच्या टप्प्यापर्यंत, म्हणजे गॉल्जीपर्यंत, गेले, तर ती खूण ओळखणारा ग्राही त्याला माघारी आणतो. सस्तन प्राण्यांत या खुणेची सुरुवात लायसिनने होते, बेकरीच्या यीस्टमध्ये हिस्टिडिनने, शिझोसॅकरोमायसिस पॉम्बे या यीस्टमध्ये अ‍ॅलानिनने. पुढची तीन आम्ले मात्र तीच राहतात. दुग्धजन्य पदार्थांत आढळणाऱ्या क्लुव्हेरोमायसिस लॅक्टिसमध्ये पहिल्या जागी अ‍ॅस्पार्टिक आम्लही चालते. १९९० मध्ये पेल्हम यांच्या गटाने लॅक्टिसचे ग्राही-जनुक बेकरीच्या यीस्टमध्ये घातले, आणि ते यीस्ट परकी खूणही ओळखू लागले. कोणती खूण चालणार हे ग्राही ठरवतो, हे त्या एका जनुकाच्या अदलाबदलीने सिद्ध झाले. खूण आधी बदलली आणि ग्राही तसाच राहिला, तर प्रथिन पेशीबाहेर निसटते. ग्राही आधी सैल झाला, दोन्ही खुणा स्वीकारू लागला, तर खुणेला बदलायला मोकळीक मिळते. लॅक्टिसचा ग्राही दोन्ही स्वीकारतो. म्हणून मला हा दुसरा मार्ग अधिक संभाव्य वाटतो.

बेकरीचे यीस्ट आपला पहिला शिक्षक असले, तरी ते सर्व बुरशींचे प्रतिनिधी नव्हे. पुटिकांमध्ये कोणता माल भरायचा हे ठरवणारे अनुयोजक प्रथिनसंच दृश्यकेंद्रकी पेशींमध्ये पाच आहेत. त्यांतला पाचवा केंब्रिजच्या मार्गारेट रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ओळखला. तुलनेतून दिसले, की तो या सर्व पेशींच्या समान पूर्वजाकडेच होता. बेकरीच्या यीस्टमध्ये आज तीनच संच उरले आहेत. त्याचा साधेपणा आदिम नाही, तो गमावण्यातून आला आहे. माल वाहून नेणाऱ्या चालक प्रथिनांतही फरक दिसतो. मक्यावर काणी आणणाऱ्या उस्टिलागो मेडिसमध्ये किनेसिन-३ हे चालक प्रथिन सूक्ष्मनलिकांवरून अंतर्काय (एंडोसोम) दूरवर नेते. एक्सेटर विद्यापीठात गेरो स्टाइनबर्ग यांच्या गटाने या वाहतुकीचा सखोल अभ्यास केला आहे. बेकरीच्या यीस्टमध्ये किनेसिन-३ नाहीच. त्याच्या लहानशा कोंबापर्यंत माल पोचवायला अ‍ॅक्टिनचे तंतू पुरतात.

इतिहासाच्या मुळाशी जायचे तर एक्सेटरमध्येच आणखी एक जागा आहे : विद्यापीठाच्या आवारातले तळे. तिथल्या पाण्यातून टॉमस रिचर्ड्स आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये बुरशीच्या वंशवृक्षाच्या तळाशी असलेली शाखा उजेडात आणली. तिला क्रिप्टोमायकोटा हे नाव दिले. पाहिलेल्या अवस्थांमध्ये या पेशींना कायटिनची भित्तिका आढळली नाही. याच शाखेतली रोझेला तर आश्रयदात्या पेशीतले द्रव्य चक्क गिळते. गिळण्याकडून बाहेर पचवण्याकडे झालेला बदल प्रथिनवहनाच्या कोणत्या फेरबदलांनी शक्य झाला, हा या क्षेत्रातला मला सर्वांत मोठा वाटणारा प्रश्न.

आपल्या शेतांशीही प्रथिनवहनाचा थेट संबंध आहे. भातावर करपा आणणारी बुरशी आपली हल्लेखोर प्रथिने दोन वेगळ्या मार्गांनी सोडते. पेशींच्या मधल्या जागेत काम करणारी प्रथिने गॉल्जीच्या नेहमीच्या मार्गाने जातात, भाताच्या पेशीत शिरणारी वेगळ्या मार्गाने. निक टॅल्बट आणि बार्बरा व्हॅलेंट यांच्या गटांनी हे २०१३ मध्ये दाखवले. गव्हावरचा तांबेराही वनस्पतीच्या पेशीत प्रथिने घालतो, पण ती बुरशी फार पूर्वी वेगळ्या झालेल्या शाखेतली आहे. दोघींनी एकच जुना मार्ग वापरला, की आपापला शोधला?

असे प्रश्न सोडवताना एक शिस्त पाळावी. जनुक एखाद्या बुरशीत सापडले नाही, तर ते तिच्या पूर्वजात होते का, हे आधी तपासावे. मग त्याचे काम आता कोण करते ते शोधावे, आणि जमेल तिथे केंब्रिजच्या प्रयोगाप्रमाणे जनुक बदलून पाहावे. जनुकसंच आज भरपूर उपलब्ध आहेत, प्रयोग झाले आहेत ते मात्र मोजक्याच जातींवर. नव्या अभ्यासकाला करण्यासारखे बहुतेक काम अजून शिल्लक आहे.